एका शब्दाआधीचा श्वास

माइकवरच्या काळ्या स्पंजला एका बाजूने खळगा पडलेला—अंगठ्याएवढा. वाचताना तिच्या नवऱ्याला तिथे अंगठा रुतवून ठेवायची खोड होती, आणि तारांगणाचा तंत्रज्ञ कितीही करवादला तरी ती गेली नाही. आवाज मात्र गेला. गळ्याच्या शस्त्रक्रियेनंतर उरली ती नुसती खरखर... आणि घुमटाखाली रोज लागणारा हा जुना कार्यक्रम, ज्यात तो अजून पूर्वीसारखा भरदार बोलत होता.

संहिता तिची, आवाज त्याचा. शेवटचं वाक्य—‘एकेक तारा विझेल, अंधार दाटेल... कायमचा.’ ‘कायमचा’ या शब्दापाशी आवाज असा खाली उतरायचा की चुळबुळणारी पोरंही गप्प बसत. घरी भाजी चिरता चिरता तो हा शब्द इतक्या वेळा घोटायचा, की विश्व संपेल तेव्हा संपेल, आधी भाजी संपव, असं ती वैतागून म्हणायची—वैतागले कशाला मी?

आज तोच शब्द काढायचा होता. नव्या मोजमापांनी शंका उभी केली होती: विश्वाला ताणत नेणारी ती अदृश्य ऊर्जा कदाचित मंदावतेय. कदाचित. मग विश्व पसरतच राहील, की कधीतरी उलटं फिरून मिटेल, कुणालाच छातीठोकपणे सांगता येत नव्हतं. जिथला उजेड आपल्यापर्यंत कधी पोचणारच नाही, तिथलं तर विचारूच नका. म्हणून तारांगणाच्या संचालकांनी तो शब्द काढायला सांगितला होता, आणि त्यांचं म्हणणं रास्त होतं. तिला ते पटतही होतं—आणि तरी त्या शब्दाला कात्री लावायला मन घेत नव्हतं.

सकाळी चहा पिताना तिने त्याला सांगितलं, तेव्हा मनातून तिला वाटत होतं, त्याने हट्ट धरावा. तो हसला—आवाज नाही, नुसते खांदे हलले. मग तिला जवळ ओढून कानाशी म्हणाला, “एवढ्या खात्रीने लिहायला तुला सांगितलं कुणी होतं?”

“आणि तू वाचलंस कशाला?”

“छान वाटायचं म्हणायला.” त्याला धाप लागली. “काढून टाक. आपल्याला कुठे ठाऊक आहे?”

...ठाऊक नाही. डॉक्टरही परवा हेच म्हणाले होते. आजार उलटेल का, या प्रश्नावर चष्मा पुसत—आत्ताच काही सांगता येत नाही. केवढा राग आला होता तिला. एवढी यंत्रं, एवढ्या तपासण्या, आणि शेवटी हे? घरी पोचेपर्यंत तिने मनातल्या मनात शेवट लिहूनही टाकला होता—रिकामी खुर्ची, एकच कप—आणि त्या शेवटापुढेही तोच शब्द ठेवला होता.

आता ध्वनिमुद्रणाच्या खोलीत तंत्रज्ञाने शब्द कापून उरलेला भाग लावला. शब्द नव्हता. पण त्याच्या आधी घेतलेला श्वास राहून गेला होता—खोल, भरलेला, काहीतरी म्हणायच्या बेतात असलेला.

“हा श्वास राहिलाय, ताई. काढू?”

“राहू दे,” ती म्हणाली.

यापुढचं वाक्य तिच्या आवाजात जायचं होतं: पुढे काय होईल, ते आपल्याला अजून ठाऊक नाही. सकाळपासून ते हरल्यासारखं वाटत होतं. आता तो श्वास पुन्हा ऐकला, आणि वाटलं—यात वाईट काय आहे? तो घरी आहे. डुलकी काढत असेल, खोकत असेल, माझी वाट बघत असेल. संपलं, असं कुणीच म्हटलेलं नाही. मीच म्हणत सुटले होते. डोळे भरून आले, ते तिने भरू दिले.

तंत्रज्ञाने काचेमागून हात वर केला. तिचा अंगठा आपसूक त्या खळग्यात गेला, आणि यंत्र चालू झालं तरी तिने बोलायची घाई केली नाही.