माझ्या तोंडी घातलेला आकडा

हो, मीच बोलतोय. रुग्णालयाच्या तातडीच्या विभागातला ऑक्सिमीटर, बोटाला लावतात तो चिमटा. घाबरू नका, चावत नाही. रक्तात ऑक्सिजन किती, तेवढं पलंगावरच्या पडद्यावर दाखवतो.

कारखान्यातून आलो तेव्हा थोरल्या सिस्टरनीच मला खोक्यातून काढलं. थंडगार, थरथरणारी, नखं रंगवलेली, नाना तऱ्हेची बोटं पाहिली. कुणी शंका घेतली की सिस्टर माझी बाजू घेत, "तो खोटं बोलायचा नाही हं!" मी हुरळून जायचो.

मग एका दुपारी ती बाई आली, नवऱ्याबरोबर, चालत. जरा गरगरतंय, एवढीच तक्रार. मी तिच्या बोटावर बसलो आणि आकडा घसरू लागला. नव्वद, ऐंशी, सत्तर! बाई मात्र हसतबोलत होती, ओठही गुलाबी. दुसरा चिमटा लावला, त्यानंही तेच दाखवलं. रक्त तपासलं तर त्यात ऑक्सिजन भरपूर. डॉक्टर चक्रावले. "नजर ठेवा," म्हणून ते वरिष्ठांना विचारायला गेले.

नवऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "अहो सिस्टर, आकडा पडतोय! काहीतरी करा ना!"

बाई हळूच म्हणाली, "ह्यांना शांत करा हो आधी, नाहीतर ह्यांनाच दाखल करावं लागेल."

सिस्टर हसल्या. चादर नीट करायच्या निमित्तानं त्यांनी मला काढलं आणि चादरीखाली स्वतःच्या बोटाला लावलं. पडद्यावर अठ्ठ्याण्णव उमटलं. मी ओरडणार कसा? बोट खरं होतं, आकडाही खरा होता, फक्त माणूस दुसरं होतं.

"बघा, आला की नाही जागेवर!"

नवऱ्याचा जीव भांड्यात पडला. "लेकीला फोन करून येतो, काळजीत असेल ती," म्हणत तो बाहेर गेला.

सिस्टर मला परत बाईच्या बोटाला लावत होत्या, तेवढ्यात तिची मान कलली. डॉक्टर धावले, सगळ्यांनी शर्थ केली. ती गेली. काय झालं होतं, ते आजवर कुणालाच उमगलेलं नाही. मलाही नाही. पण शेवटच्या घटकेला तिचा नवरा जवळ का नव्हता, ते मला पक्कं ठाऊक आहे.

आता मी अडगळीच्या कपाटात आहे, अंगावर 'बिघडलेला' अशी पट्टी. मला त्याचं फारसं दुःख नाही. सलतं ते वेगळंच. त्या दुपारी लेक धावत आली, तेव्हा तिला धरून तिचा बाप रडत म्हणाला, "यंत्रानं फसवलं गं आपल्याला!"

सिस्टर, तेव्हा तुम्ही तिथेच उभ्या होतात.