कडी बंद

हारूने सदानंदाचे मनगट धरले होते. दुखेल इतके घट्ट नव्हे, पण सुटेल इतके सैल तर मुळीच नव्हे.

क्योतोच्या उत्तरेस, डोंगरातल्या त्या आश्रयस्थानात सदानंदाने या ओरांगउटानला बाटलीने दूध पाजून वाढवले होते. आता हारू आठ वर्षांचा होता आणि त्याच्या एका हातात चार माणसांचे बळ आले होते. वयात आलेले जनावर आत असताना त्याच्या खोलीत कुणी पाऊल टाकायचे नाही, हा तिथला नियम. म्हणून झाडायला जाण्यापूर्वी त्याला अंगणात सोडून, मधल्या सरकत्या दाराच्या कडीकडे बोट दाखवायचे आणि मोठ्याने म्हणायचे, “कडी बंद!” या देशात आगगाडीचा चालकसुद्धा सिग्नलकडे असेच बोट दाखवतो. सदानंद मात्र वाद घालीत असे, की डोळ्यांना जे दिसते ते तोंडाने कशाला सांगायचे?

आज त्याने बोट दाखवले नव्हते, आणि कडीही लावली नव्हती. हारू दार सरकवून आत आला. बोळाकडचे दार त्याने ओढून घेतले. ते केवळ बाहेरूनच उघडत असे. मग तो शेजारी बसला, लहानपणी बसे तसा.

सदानंदाने केळे पुढे केले. हारूने ते पायाने घेतले. हात सोडला नाही. सदानंदाने दटावताच पकड आवळली आणि हाड ठणकले. कमरेला वॉकीटॉकी होता, पण हाक मारली की नोंद होणार. गेल्या महिन्यात हारूने जाळीतून हात घालून एक कडी उघडली होती. पुन्हा उघडली तर अंगण कायमचे बंद, पुढची चाळीस वर्षे सिमेंटच्या चार भिंती, असे ठरले होते. सदानंदाने तासभर वॉकीटॉकीला हात लावला नाही.

चार वाजता देवयानी बोळाकडच्या दाराच्या जाळीशी आली. मराठी बाप, जपानी आई. वयाने लहान, हुद्द्याने वरिष्ठ.

“सदानंदसान, दोघांची पंगत बसलीय वाटतं?” स्वर हलका होता, चेहरा पांढराफटक.

“थट्टा नको. त्याला खायचं नाही. धरून बसायचंय.”

“कडी यानं उघडली?”

नुसती होकाराची मान हलवली असती तरी सदानंद सुटला असता.

“मी लावलीच नव्हती.”

“बोट दाखवलं नाहीत?”

“नाही.”

“आता वाद घालणार?”

“नाही.”

“मग उद्यापासून तुम्ही कार्यालयात. हारूकडे पुन्हा येता येणार नाही.”

“ठाऊक आहे. अंगण त्याचं राहू दे.”

देवयानीने वळसा घालून अंगणात मध भरलेला बांबू टाकला. हारूने बराच वेळ नुसता वास घेतला. मग एकेक बोट सुटत गेले. सदानंदाने हात ओढला नाही. ओढला असता तर पुन्हा धरला गेला असता. हारू बाहेर गेला, देवयानीने बोळाकडचे दार उघडले, सदानंदाला बाहेर घेतले, दार ओढले, आणि त्याची कडी सदानंदासाठी तशीच ठेवली.

त्याने कडी लावली. हारू मागोमाग खोलीत परतला होता; दाराच्या जाळीतून त्याची चार लांब बोटे बाहेर आली, मनगट शोधू लागली. सदानंद दोन हात मागे उभा राहिला आणि कडीकडे बोट केले.

“कडी बंद.”

“ऐकू आलं नाही,” देवयानी म्हणाली.