बाटवलेली हळद

त्या नवरदेवाची मले किळस आली हे खरं. चाळिशी कवाच उलटलेली, दाढीले काळा रंग, खाटेवर मांड्या फाकून तंबाखू चोळून राह्यला होता. पण त्याच्याहून जास्त किळस मले आमच्याच बायायची आली. पाच सवाशिणी नटूनथटून चौदा वर्साच्या पोट्टीले हळद लावाले बसल्या होत्या, अन् एकीलेही त्यात काई वावगं वाटत नव्हतं.

पोट्टी म्हणजे समीक्षा, माह्या शेजारच्या गजेंद्रची. अनसिंगच्या अलीकडं आमची दोघायची वावरं बांधाले बांध लावून हायेत. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर लावतो अन् वाशिमच्या बाजारात नेऊन इकतो. गजेंद्रची बायको मंजुषा अन् मी एकाच ऑटोत टोपले घेऊन जातो. समीक्षा झाली तवा मंजुषाची शेकशेगडी मी केली होती, तवा तिचं वय मले कोणी शिकवू नये. आठवीत हाय ती.

त्या दिवशी सकाळी मी मेथीच्या जुड्या बांधून राह्यली होती. पाहते तं गजेंद्रच्या अंगणात ताडपत्री बांधलेली. बँड नाई, पत्रिका नाई, अन् दारात परगावची जीप उभी.

"काय वं मंजुषा, कायचा कार्यक्रम हाय?" मी कुंपणावरून इचारलं.

"पाहुणे आले, काकू."

"पाहुणे आले तं तोंड काहून लपवतं?"

ती आत निघून गेली. मंग मीच हातातली जुडी टाकून गेली. आत रिसोडकडची भागिरथा पाय हलवत बसली होती. ही बाई लग्नं जुळवते म्हणे. गरिबाघरच्या पोट्ट्या दूरच्या मुलखात देते. तिकडचा माणूस हुंडा मांगत नाई, उलट पोरीच्या बापाच्याच हातात नोटा ठेवते. म्हशीचा सौदा असाच होते, फक्त तिथं कोणी अक्षता टाकत नाई. भागिरथा याले पुण्याचं काम म्हणते.

"पोरीनं नशीब काढलं, मावशी," ती मले म्हणे. "सतरा एकर वावर हाय त्याईचं."

"अन् वय किती एकर हाय?"

"माणसाचं वय कोण पाहते? पोरगी अठराची हाय. आधार कार्ड हाय आपल्यापाशी."

"तिची नाळ पडली तवा मी या घरात होती. तुहं कार्ड तवा कुठं होतं?"

ती फिदीफिदी हासली. मी गजेंद्रकडं वळली. "अरे, लेकरू हाय ते. तुले काई लाज?" तो जमिनीकडं पाहत म्हणे, "काकू, तुमी तुमचं पाहा." ज्याले मी लहानपणी कडेवर घेऊन फिरवलं, तो मले तुमचं पाहा म्हणे.

घरी येऊन मी दहा-नऊ-आठवर फोन लावला. लेकरायच्या मदतीचा तो नंबर शाळेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहेल हाय, गावातलं कुत्रंही त्याच्याखालून जाते. फोनवर एक पोरगी होती, मोठी शांत बोलली. "आजी, आम्ही पोलीस घेऊन निघतो. तास तरी लागेल. तोवर मुलीला गाव सोडू देऊ नका."

तास. इकडं हळद झाली का दोन अक्षता पडणार अन् जीप सुटणार. मी साठीची बाई, जीपेपुढं आडवी पडली असती तं दोघायनं उचलून बाजूले ठेवलं असतं. परत अंगणात गेली तं समीक्षा पाटावर बसली होती. अंगावर आईचं लुगडं, पदर सावरता येत नव्हता. पुढ्यात परातीत ओली हळद. भागिरथा घड्याळाकडं पाहून बायायले म्हणे, "उरका वं लवकर, रेल्वेगाडी पकडाची हाय."

आता माह्यी गोष्ट सांगते. माहा मालक जाऊन अकरा वर्सं झाले. तवापासून हळदीच्या, ओटीच्या ताटाजवळ मी जात नाई. कोणी जाऊ नको म्हणत नाई, आपणच चार हात दूर उभं राहाचं, ही आमच्याकडली रीत. अकरा वर्सं मी मुकाट पाळली. त्या दिवशी मी सरळ चालत गेली, पाची सवाशिणीच्या मंधात बसली, अन् दोन्ही हात मनगटापर्यंत परातीत घातले. मंग उठली अन् हातातली सारी हळद नवरदेवाच्या तोंडाले फासली, दाढीसकट.

मंग सवाशिणी अशा उठल्या का परातीत साप निघाला.

"बाटवलं बुढीनं," एक म्हणे. दुसरी म्हणे, "आता ही हळद चालत नाई, फेका." नवरदेव तोंड पुसत हिंदीतून शिव्या देऊन राह्यला होता, त्याले आंघोळ पाह्यजे होती.

भागिरथा धंद्यातली बाई, तिले बरोबर समजलं. "पुडीतली हळद घ्या," ती वरडली, "काई होत नाई." पण बाया अडून बसल्या. नवीन हळकुंडं पाह्यजे, पाची जणीनं जात्यावर दळली पाह्यजे, नवरदेवानं डोक्यावरून पाणी घेतलं पाह्यजे. नाई तं आपल्या मालकायच्या जिवावर येईन म्हणे. भागिरथानं हात जोडले, पण एक ऐकायले तयार नाई.

मी भिंतीले टेकून पाहत होती. पोरगी इकली जाऊन राह्यली, ते यायले चालत होतं. रांडमुंड बाईचा हात लागला, ते चालत नव्हतं. माह्या मनात आलं का थुंकावं यायच्या सोवळ्यावर. पण त्याच सोवळ्यानं मले तास मिळवून देल्ला, तं तोंड गच्च मिटून बसली.

दुकानातून हळकुंडं आले, जातं धुतलं, दळण सुरू झालं. अर्धी हळद झाली असंन तवा पोलिसायची गाडी आली. नवरदेव ओल्या टॉवेलवर सापडला. भागिरथा संडासात लपली, तिले कडी वाजवून काढली. मंजुषा माह्या अंगावर धावून आली. मले वाटलं पोलीस बलावले म्हणून. ती म्हणे, "माह्या लेकीच्या हळदीले हात लावाले तुमाले काईच कसं वाटलं नाई?"

दुपारी वाशिमले बालकल्याण समितीपुढं बसलो. समीक्षा माह्याकडं पाहतही नव्हती. तिथल्या मॅडमनं तिले पाणी देल्लं, जवळ घेतलं अन् म्हणे, "आता घाबरू नको, बाळा. तुला कोणी कुठं नेणार नाही."

पोट्टी ओक्साबोक्शी रडाले लागली. "मले जायाचं होतं," ती म्हणे. "आजीनं सारं मोडलं. मले ताईजवळ जायाचं होतं."

"कोणती ताई?" मॅडमनं इचारलं.

मी खाली पाह्यलं. इतका वेळ तुमाले हे सांगतलं नाई, काहून का जीभ रेटत नाई. रीता, गजेंद्रची मोठी पोरगी. सोळा वर्साची होती. मांगच्या उन्हाळ्यात ह्याच अंगणातून गेली, ह्याच भागिरथाच्या जीपेत. पहिले चार महिने तिचा फोन ये. मंग बंद झाला. मंजुषा ऑटोत माह्याजवळ रडली तवा मीच म्हणलं होतं का पोरी सासरी रमल्या का फोन इसरतात. अन् ह्या लहानीले घरच्यायनं सांगतलं होतं का तुहं घर ताईच्या घराले लागून हाय.

मॅडमनं कागद ओढला. "रीताचा पत्ता सांगा."

मंजुषानं गजेंद्रकडं पाह्यलं. गजेंद्रले गावाचंही नाव सांगता येईना. मॅडम मंग माह्याकडं वळल्या. "आजी, तुम्ही शेजारी. त्या लग्नात तुम्ही होता का?"

"होती," मी म्हणलं. "भाजी माह्याच वावरातली होती. मी दोन खेपा वाढून घेतली."