दुसऱ्या पानावरचं पडसं

माणसं मरतात, राज्यं बुडतात, डोंगर झिजून त्यांची वाळू होते. पण इंटरनेटवर एकदा उमटलेला शब्द अमर असतो. प्राध्यापकांचं हे वाक्य कायद्याच्या तेरा तुकड्यांनी वहीत उतरवून घेतलं होतं. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर ज्या पानावर ते होतं, ते पान मात्र गेली सहा वर्षं उघडत नव्हतं.

विद्यार्थी प्राध्यापकांना ‘तळटीप’ म्हणत. त्यांच्या तोंडून कुठलंही वाक्य एकटं बाहेर पडत नसे, मागोमाग त्याचा पत्ता येई. एकदा बायको नुसतं एवढंच म्हणाली, "मला सुखात ठेवीन म्हणाला होतात." त्यावर हे म्हणाले, "सुखात नव्हे, समाधानात. लग्नाआधीचं तिसरं पत्र, शेवटून दुसरी ओळ." तिने पेटी उघडून पत्र काढलं. शेवटून दुसरी ओळ. त्यानंतर दोन दिवस घरात कुणी कुणाला काही म्हटलं नाही.

अशा माणसाशी वैर धरू नये. कारण तो विसरत नाही, आणि तुम्ही काय म्हणाला होतात ते परिच्छेदासकट सांगतो.

पण चोवीस वर्षांपूर्वी एकाने ते वैर धरलं होतं. तेव्हा प्राध्यापक तरणेबांड होते आणि इंटरनेटसाठी कायद्याचं वेगळं अध्यासन हवं, म्हणून अर्ज घेऊन दारोदार फिरत होते. विभागप्रमुख होते ‘दीक्षान्त’. हे नाव त्यांना शिपायांनी दिलेलं. चहात साखर कमी आहे, एवढं सांगायलासुद्धा ते उभे राहत आणि पदवीदान समारंभात बोलावं तसं बोलत. या दीक्षान्तांनी विभागाच्या त्रैमासिकात एक लेख लिहिला, ‘संगणकाचे जाळे: एक क्षणिक हौस’. चार वर्षांत हे खूळ ओसरेल, असं पहिल्या पानावर होतं. तेही चाललं असतं. पण दुसऱ्या पानावर, तिसऱ्या परिच्छेदात होतं: ‘आमच्या एका तरुण सहकाऱ्यास हा विषय सापडलेला नाही, पडसे गाठते तसे विषयानेच त्यास गाठले आहे. विश्रांती व वाफारा, एवढ्याने उतार पडावा.’

अध्यासन बारगळलं. प्राध्यापकांना भाडेकरू कायदा शिकवायला दिला आणि जिन्याखालची खोली दिली, जिथे उभं राहायचं तर एका ठरावीक फरशीवर. आणि विभागात जो तो विचारू लागला, "काय मग, पडसं कसं आहे?" वाढदिवसाला सहकाऱ्यांनी वर्गणी काढून बामची बाटली दिली. तिच्यावर सगळ्यांच्या सह्या होत्या.

अकरा वर्षं ते भाडेकरूंमध्ये राहिले. इंटरनेट काही ओसरलं नाही. मग एक दिवस सरकारला कायदा हवा झाला, आणि सगळ्या राज्यात त्यावर चार ओळी लिहिलेला माणूस एकच निघाला, तोही जिन्याखाली. अध्यासन आलं, ग्रंथ आला, समित्या आल्या. तोवर दीक्षान्त निवृत्त झाले होते. प्राध्यापकांना त्याचंच दुःख होतं. सूड घ्यायला माणूस जागेवर लागतो.

तो जागेवर आला एका मंगळवारी, फायलीतून.

जुनी माहिती शोधयंत्रांतून काढून टाकावी, असे अर्ज ऐकणारं एक मंडळ होतं. लोक त्याला विस्मरण मंडळ म्हणत. प्राध्यापक त्याचे अध्यक्ष होते आणि त्याचे सगळे नियमही त्यांच्याच हातचे होते. सचिवबाईंनी फाईल पुढे सरकवली. अर्जदार: दीक्षान्त. सरकार इंटरनेटवर देखरेख ठेवणारं नवं प्राधिकरण काढत होतं, आणि त्याच्या प्रमुखपदासाठी वयोवृद्ध, निर्विवाद माणूस म्हणून त्यांचं नाव पुढे आलं होतं. पण त्यांचं नाव शोधलं की सगळ्यात वर ‘एक क्षणिक हौस’ येत होतं. ते काढावं, अशी विनंती होती. सोबत लेखाची प्रत जोडली होती.

प्राध्यापकांनी फाईल बंद केली, पुन्हा उघडली, नाव पुन्हा वाचलं. मग सचिवबाईंकडे चहा मागितला. आयुष्यात पहिल्यांदा साखर जास्त मागितली.

घरी त्यांनी हे सांगितलं, तेव्हा बायको भाजी निवडत होती.

"मग तुम्ही बाजूला व्हा की. दुसऱ्या कुणाला ऐकू दे."

"का व्हावं? मी निःपक्षपाती आहे."

"त्या बामच्या बाटलीचं काय? अजून कपाटात आहे."

"तो पुरावा आहे."

"बघा! अहो, सुनावणीआधी सही करावी लागते ना तुम्हाला? मुलीने सांगितलंय मला. वैर नाही म्हणून, आणि वाचलं नाही म्हणून."

"कलम चार. मीच लिहिलंय."

"मग सही कशी करणार? झोपेत म्हणता तुम्ही तो लेख! विश्रांती व वाफारा, विश्रांती व वाफारा. मी शेजारी असते."

"झोपेतलं विधान ग्राह्य नसतं," प्राध्यापक म्हणाले, आणि पुराव्याच्या कायद्यातला आधार दिला. ती भाजी घेऊन आत गेली.

त्यांनी सही केली. ‘अर्जदाराविषयी माझ्या मनात वैरभाव नाही, तसेच सदर मजकूर अर्ज येण्यापूर्वी मी वाचलेला नाही.’ अशा सहीबद्दल ते स्वतः वर्गात दोन तास बोलत आणि शेवटी ‘लबाडी’ हा शब्द फळ्यावर लिहीत.

पुढचे दहा दिवस त्यांच्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे गेले. निर्णय त्यांनी सुनावणीच्या आधीच लिहून काढला, एकतीस पानं. दाढी करताना ते तो आरशाला वाचून दाखवत. ‘फेटाळण्यात येत आहे’ हे शब्द त्यांनी नाना तऱ्हांनी म्हणून पाहिले: दुःखाने, शांतपणे, जणू वाईट वाटतंय असं. शेवटी वाईट वाटल्यासारखाच आवाज नक्की केला. त्याने जास्त लागतं. दीक्षान्तांचा चेहरा कसा पडेल, याचीही त्यांनी मनात बरीच उजळणी केली. आधी भुवया, मग गाल, मग ती कायम वर असलेली हनुवटी. मरेपर्यंत कुणीही त्यांचं नाव शोधलं की आधी तोच लेख येईल, आणि त्याच्याखाली आपला निर्णय. एकतीस पानांचा बाम, चोळा म्हणावं.

सुनावणीची खोली साधीच होती. लांब टेबल, पाण्याचे तीन पेले, भिंतीवर कॅमेरा. न्याय उघड्यावर झाला पाहिजे, हा प्राध्यापकांचाच आग्रह. त्यामुळे सुनावणी थेट दिसे, आणि बोललेला शब्द न् शब्द यंत्र तिथल्या तिथे टिपून संकेतस्थळावर चढवी. तो नंतर कुणालाही, कुठल्याही अर्जाने, काढता येत नसे. हाही त्यांचाच नियम. एरवी बघायला तिघं असत: सचिवबाईंचे यजमान, आवाज बंद करून दुसरंच काम करणारी प्राध्यापकांची मुलगी, आणि एक जण जो चुकून आलेला असे. आज दोनशे दहा होते, सगळे आजी-माजी विभागवाले.

दीक्षान्त काठी टेकत आले. चांगलेच म्हातारे झाले होते. हनुवटी मात्र अजून वर होती, ते पाहून प्राध्यापकांना बरं वाटलं. वकील म्हणून सोबत त्यांची भाची होती. नुकतीच सनद मिळालेली, हातात एक पातळ फाईल.

"मामांचं म्हणणं एवढंच आहे," ती म्हणाली.

"अर्जदारांचं," सचिवबाई म्हणाल्या.

"अर्जदार मामांचं म्हणणं एवढंच आहे की चोवीस वर्षांत माणसाचं मत बदलतं. आता ते स्वतः नातवंडांना फोटो पाठवतात. लेख जुना आहे, कुणाचं नुकसान करत नाही, फायदाही करत नाही. संपलं."

ती बसली. एवढ्या थोडक्यात युक्तिवाद संपलेला मंडळाने कधी पाहिला नव्हता. दुसरे सदस्य इंजिनियर होते, त्यांनी घड्याळ बघितलं. तिसऱ्या सदस्या निवृत्त मुख्याध्यापिका होत्या, त्यांनी मान डोलावली.

प्राध्यापकांनी चष्मा लावला. वाईट वाटल्यासारखा आवाज काढला.

"मत बदलतं, हे मान्य. पण जो आज या माध्यमाचा राखणदार होऊ पाहतो, त्याने केवळ चुकीचं भाकीत केलं नव्हतं. ज्यांना खरं दिसलं, त्यांची त्याने टिंगल केली होती. लोकांना हे कळण्याचा हक्क आहे." इथे त्यांनी कागद बाजूला ठेवला. या ओळीला कागदाची गरज नव्हती. चष्माही काढला, आणि थेट दीक्षान्तांच्या डोळ्यांत बघत, एकेक शब्द जिभेवर घोळवत म्हणाले, "‘आमच्या एका तरुण सहकाऱ्यास हा विषय सापडलेला नाही, पडसे गाठते तसे विषयानेच त्यास गाठले आहे. विश्रांती व वाफारा, एवढ्याने उतार पडावा.’"

इथे थांबायला हवं होतं. कुठलाही सूड घेणारा थांबला असता. पण तळटीप होते ते.

"पान दुसरं," ते म्हणाले, "परिच्छेद तिसरा."

खोली शांत झाली. ज्या शांततेची त्यांनी आरशासमोर तालीम केली होती, ती ही नव्हती. भाची फाईल उलटसुलट करत होती.

"अध्यक्ष महाराज, दुसरं पान कुठलं?"

"लेखाचं."

"पण दुसरं पान नाहीच आहे. ग्रंथालयाने जुने अंक चढवले तेव्हा प्रत्येक लेखाचं पहिलंच पान चढवलंय. आम्ही तेवढंच जोडलं. छापील अंक मागायला गेले, तर कळलं की नळ फुटून तो सगळा कप्पा भिजला, लगदा झाला. मामांच्याकडेसुद्धा नाहीये."

इंजिनियरांनी आपली प्रत उचलली, मागची बाजू बघितली. कोरी होती.

"म्हणजे," भाची सावकाश म्हणाली, आणि तिचं सावकाश होणं प्राध्यापकांना एखाद्या चांगल्या विद्यार्थिनीचं वाटलं, "हे वाक्य आज जगात कुठेच नाहीये. मग तुम्ही कलम चारवर सही—"

"मुली, बस," मुख्याध्यापिका म्हणाल्या. त्यांना शाळेत चाळीस वर्षं अशीच तोंडं बघायची सवय होती. "अध्यक्ष, पाणी घ्या."

भिंतीवरच्या पडद्यावर यंत्राने वाक्य टिपलं होतं, पडशासकट, पान आणि परिच्छेदासकट. चोवीस वर्षांनी ते लगद्यातून उठून इंटरनेटवर आलं होतं. आता कुठल्याही अर्जाने ते निघणार नव्हतं. बघणाऱ्यांचा आकडा सहाशे झाला. खाली कुणीतरी पहिली प्रतिक्रिया टाकली: ‘काय मग सर, पडसं कसं आहे?’

सचिवबाईंनी अध्यक्षांच्या माघारीचा फॉर्म पुढे केला. उरलेल्या दोघांनी अर्ज मंजूर करायला चहा थंड होण्याइतकाही वेळ घेतला नाही.

प्राध्यापक बाहेरच्या बाकावर येऊन बसले. एकतीस पानं मांडीवर होती. शेजारी काठी टेकली गेली, आणि तिच्यामागून दीक्षान्त बसले. मग काय वाटलं कोण जाणे, बोलण्यासाठी उभे राहिले.

"वाक्य सुंदर होतं हो," ते म्हणाले. "पडसे गाठते तसे! माझंच ना?"

"तुमचंच."

"वाटलंच. तेव्हा हातात जोर होता. कुणाबद्दल होतं ते?"

प्राध्यापकांनी वर पाहिलं. त्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती, कावा नव्हता. स्वतःचं जुनं वाक्य भेटल्याचा निर्भेळ आनंद होता. चोवीस वर्षं, अकरा वर्षांचे भाडेकरू, एक जिना, एक बाटली. आणि या माणसाला नावसुद्धा आठवत नव्हतं.

"आठवत नाही," प्राध्यापक म्हणाले. त्या प्रकरणातलं त्यांचं हे दुसरं खोटं.

"असो. असेल कुणीतरी." दीक्षान्त पुन्हा खाली बसले आणि जरा सरकले. "मग पुढचं आठवतं का हो? तिसरं पान, चौथं? शेवटही चांगला साधला होता, असं वाटतं. माझ्याकडे काहीच उरलेलं नाही."

प्राध्यापकांनी मांडीवरच्या एकतीस पानांकडे पाहिलं. मग त्यांनी निर्णयाचं शेवटचं पान उलटं केलं. मागची बाजू कोरी होती. खिशातून पेन काढलं.

"जरा मोठ्या अक्षरात लिहा हं," दीक्षान्त म्हणाले, "चष्मा घरी राहिलाय."