मी दाराजवळची खुर्ची

मी दाराजवळची खुर्ची बोलतेय. घाबरू नका, बोलण्यापलीकडे मी काही करत नाही. बसताना मात्र जपून, माझा एक पाय थोडा आखूड आहे.

माझा जन्म एका वेल्डिंगच्या शेडमध्ये झाला. लोखंडी नळ्या, पत्र्याची बैठक, घडी घालता येणारी. खुर्च्या भाड्यानं देणाऱ्या एका मालकानं आम्हाला घाऊक उचललं. मी लग्नं पाहिली, भाषणं पाहिली, शोकसभा पाहिल्या. लग्नात माणसं ऐसपैस बसतात, शोकसभेत पाय जवळ घेऊन. तोंडानं कुणी काहीही सांगो, बसला की मला खरं काय ते कळतं. पुढे टेम्पोतून पडून माझा पाय वाकला. मालक मला भंगारात काढणार, तेवढ्यात नर्सबाईंनी मला मागून नेलं.

नर्सबाई छापखान्याच्या वरच्या खोलीत दर रविवारी दुपारी सभा घेतात. दारू सोडू पाहणाऱ्यांची. त्या स्वतःही एके काळी प्यायच्या, हे त्या आधीच सांगून टाकतात. बाकीच्या खुर्च्या गोलात असतात आणि मी दाराशी. माझ्यावर फक्त नव्या माणसानं बसायचं. त्याला पळून जावंसं वाटलं तर कुणाच्या गुडघ्यांना न धडकता जाता यावं, म्हणून. आणि इथे कुणाला जिन्यावरून ओढून आणत नाहीत. पावलं अर्ध्या जिन्यापर्यंत येतात, थांबतात, परत जातात. सगळे ऐकतात, उठत कुणी नाही. मला ते फार निर्दय वाटायचं.

रंगारी असाच एकदा वर आला. घरं रंगवणारा उंच माणूस, अंगाला टर्पेंटाइनचा वास. माझ्या अगदी कडेला टेकायचा, पावलं दाराकडे. हळूहळू त्याला गोलातली खुर्ची मिळाली, बरेच महिने छान चाललं, आणि मग तो यायचा बंद झाला. एका रविवारी नर्सबाई म्हणाल्या, "रंगारी गेला. पुन्हा सुरू केली होती त्यानं." सगळे गप्प उभे राहिले. मग सगळे खाली बसले, आणि माझ्यावरही कुणीतरी बसलं.

दिसत कुणीच नव्हतं. पण ते वजन माझ्या ओळखीचं होतं. माझा आखूड पाय फरशीवर टकदिशी टेकला. नर्सबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. अंगावर काटा यायला मला कातडी नाही, पत्रा तेवढा गार पडला. नंतर तो दर रविवारी येऊ लागला. जिवंतपणी कधी बसला नाही इतका मागे रेलून बसायचा.

त्याच सुमारास जिन्यावर कुणाची तरी नवी पावलं यायला लागली. अर्ध्यातून परत जायची. ती वाजली की माझ्यावरचं वजन पुढे झुकायचं.

मग एका रविवारी ती वरपर्यंत आली. दारात गणवेशातला एक माणूस, टोपी हातात.

"वहिनीनं पत्ता दिला," तो म्हणाला. "माझा दादा यायचा इथे. रंगकाम करायचा."

"बसा," नर्सबाईंनी माझ्याकडे बोट केलं. "नव्या माणसाची जागा आहे ती."

"नुकताच रंग काढलाय का खोलीला? वास येतोय."

"नाही हो," नर्सबाई म्हणाल्या, आणि त्यांचा चहाच्या किटलीवरचा हात तिथेच राहिला.

मला भीती वाटली. गेलेला भाऊ जिवंत भावाला कशासाठी जवळ करेल, कुणी सांगावं? सोबतीसाठीही करेल. धाकटा माझ्यावर बसला. आता दोघे झाले. माझ्या नळ्या कुरकुरल्या.

थोडा वेळ त्यानं दुसऱ्यांचं ऐकलं. मग दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवले. काढता पाय घेण्याची ही खूण मी चांगली ओळखते. तो उठायला गेला, पण उठता येईना. वरून कुणीतरी त्याचे खांदे दाबून धरले होते. त्यानं पुन्हा जोर लावला. चेहरा पांढराफटक पडला. आसपास कुणाचाही हात नव्हता. मला वाटलं, आता हा याला घेऊनच जाणार.

"उठता येत नाहीये ना?" नर्सबाईंनी हळूच विचारलं. "मग बोला."

"मी शाळेची बस चालवतो," तो कसाबसा म्हणाला. "परवा मुलांना शाळेत सोडलं. सगळी हसत उतरली. पण घरून निघाल्यापासून शाळेच्या फाटकापर्यंतचं मला काही म्हणजे काहीच आठवत नाही. सकाळीच प्यायलो होतो."

त्यानं खिशातून बसची चावी काढली, गोलाच्या मधोमध ठेवली आणि मोठ्यानं रडला. त्याच क्षणी माझ्यावर एकटाच माणूस उरला.

आता तो गोलात बसतो. बस चालवत नाही, डेपोत बस धुतो. रंगारी पुन्हा आला नाही. मला त्याची आठवण येते, लपवून काय करू?

मात्र गेल्या काही रविवारांपासून माझ्यावर पुन्हा कुणीतरी बसतं. हे वजन हलकं आहे आणि अजिबात ओळखीचं नाही. नर्सबाईंनाही कोण ते ठाऊक नाही. मला वाटतं, अर्ध्या जिन्यावरून परत गेलेल्यांपैकी कुणी असावं. सभा संपते, दाराला कुलूप लागतं, तरी ते उठत नाही.

तुम्ही खाली रस्त्यावर घुटमळत असाल तर छापखान्याच्या बाजूला जिना आहे. वर या. जागेची काळजी करू नका, दोघांचा भार मी पेलते. फक्त जिवंतपणी या.