माझ्या पोटातलं कडू

मी बादली बोलतेय. मोरीतली नव्हे हं! मी बियर आंबवायची बादली. वर घट्ट झाकण, खाली तोटी. इकडे परदेशात, केलीव्हिलच्या एका गॅरेजमध्ये, गवत कापायच्या मशीनशेजारी माझा मुक्काम.

मला आणलं उल्हास आणि नचिकेतने. दोघं वॉलॉंगॉंगला युनीत शिकताना एका खोलीत राहायचे, नोकऱ्या लागल्यावर घरंही एकमेकांजवळ घेतली. शनिवारी आर्वोला, म्हणजे दुपारी, माझ्यात गव्हाची बियर घालायची, हा त्यांचा नेम. नुसती टिंगलटवाळी! आणि बियर काय गोड व्हायची! पिकल्या केळ्याचा वास यायचा. माझ्या झाकणावर पाणी भरलेली एक नळी आहे. आतला वायू तिच्यातून बुडुक बुडुक करत बाहेर पडतो. नचिकेत तिला कान लावून म्हणायचा, "गप रे मेट, बाईसाहेब बोलतायत."

मग एक दिवस ऑफिसात बसल्या बसल्या नचिकेतचं हृदय बंद पडलं.

उल्हास रडला नाही. त्याने फ्यूनरलचं बुकिंग केलं, पुण्यातल्या नचिकेतच्या आईवडिलांना व्हिडिओवर सगळं दाखवलं. "त्याच्या वाढदिवसाला त्याचीच बियर करू," असं बायकोला, चित्रलेखाला म्हणाला आणि मला घासूनपुसून भरलं. चाखली, तर कडूजहर!

हॉप्सची फुलं जास्त पडली असतील, म्हणून पुढच्या वेळी निम्मी घातली. कडू. बिनहॉप्सची बियर करून तिच्यात मिसळली. कडूच. मग त्याने नव्याने केली, हॉप्स न घालताच. अहो, बियरला कडवटपणा येतो तोच त्या हिरव्या फुलांचा! ती नाहीत, तर कडू होणार कशी? पण झाली. आणि माझी नळी! आंबणं संपून यीस्ट केव्हाच तळाला बसलं होतं, तरी उल्हास गॅरेजात आला की बुडुक. तो गेला की बंद. आईशप्पथ, मी काही करत नव्हते. माझ्या पोटात कुणीतरी होतं. मला फार भीती वाटायची.

एका दुपारी चित्रलेखाने घोट घेतला.

"उल्हास, हा कडुनिंब आहे."

"काहीतरीच काय!"

"आजोबांना पोचवून आल्यावर आम्ही सगळ्यांनी दारात पाला चावला होता. ही चव मी विसरेन? नचिकेतला पोचवून आलो, तेव्हा आपण काय खाल्लं?"

"तिथे हॉलमध्ये चहा होता. लॅमिंग्टन केक होता. भूक लागली होती गं मला."

"तोंड कडू केलंच नाही आपण. पी आता."

तो ग्लास भरून गटागटा प्यायला आणि फरशीवर बसून त्याने हंबरडा फोडला. "नच्या, गेलास रे!" माझी नळी एकदाच वाजली, मोठ्याने. मग थांबली.

चित्रलेखाने पुन्हा तोटी सोडली. "अरे, गोड झाली! केळ्याचा वास येतोय!"

उल्हासने चाखली आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "नच्या?" नळीला कान लावून तो म्हणाला. "ए नच्या, थांब ना."

तेव्हापासून तो माझ्यात मुठीमुठीने हॉप्स टाकतो. बियर कडू होते, पण हॉप्सचीच कडू. तो चाखतो, थुंकतो आणि कान लावून बसतो. घरातून चित्रलेखा जेवायला हाका मारत राहते.

उल्हास, बाळा, पुरे कर रे. वाजतंय ते नुसतं यीस्ट. आत आता मी एकटीच आहे.