परत येणारी माउली

एल रेमान्सोच्या किनाऱ्यावर त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. मेक्सिको शहराहून आलेल्या बसगाड्या थेट चर्चपर्यंत उभ्या होत्या. भर समुद्रात सोडलेली लाकडाची मेरीमाउली एकटी परत येणार म्हणून माणसं वाळूत गुडघे टेकून रडत होती.

"लाटा माउलीला आणत नाहीत, माउली लाटांना आणते!" फाउस्तिनोबाबा भोंग्यावर ओरडत होता. "तिच्या गळ्यात ज्याच्या नावाची फीत, तो बरा झालाच. फीत बुडाली, तर त्याच्या मनात शंका होती." म्हणजे चित भी बाबाची, पट भी बाबाची.

मी इथली शाळेची बाई. मासळी आटली, तेव्हा गाव उपाशी होतं. मग बाबा आला, रस्ता झाला, लॉज झाले. मी बाबाविरुद्ध बोलले की लॉजवाला चेमा म्हणायचा, "बाई, माउली गेली तर आम्ही दगड खायचे का?" त्याचंही खोटं नव्हतं.

पण माझी विद्यार्थिनी निदिया मधुमेहाची. फीत बांधल्यावर सुई टोचणं म्हणजे माउलीचा अपमान, असं बाबाने सांगितलं आणि तिच्या आईने, हासिंताने, इन्सुलिन बंद केलं. पोर ओकत होती. माझं कुणी ऐकेना. माउलीला समुद्रात नेणारी होडी निदियाचा बाप रुफिनोच वल्हवायचा. आदल्या संध्याकाळी मी त्याला गाठलं.

"जाळ्याचा तरंगता बोया तुटला तर कुठे शोधतोस?"

"इथेच की, किनाऱ्यावर. खडकापलीकडचं सगळं भरतीला इथेच लागतं."

"आणि माउली कुठे सोडतोस?"

त्याने खडकापलीकडे पाहिलं. "बाई, माउली म्हणजे काय बोया आहे?"

सकाळी त्याने माउलीसोबत बोया म्हणून वापरतात तशी ब्लीचची रिकामी बाटलीही सोडली. तिलाही त्याने एक फीत बांधली होती.

भरतीबरोबर बाटली आधी आली, माउली मागून. रुफिनोने बाटलीची फीत सोडून बायकोच्या हातात दिली. फितीवर गावातल्याच आन्सेल्मोचं नाव होतं. त्याला गेल्याच आठवड्यात आम्ही पुरलं होतं.

"तो बरा झाला का गं?" रुफिनोने विचारलं.

हासिंताने वाळूत शुद्ध हरपून पडलेल्या पोरीला उचललं आणि ती बसकडे धावली.

निदियाने अजून डोळे उघडलेले नाहीत. हासिंता दवाखान्याच्या दारात बसून आहे. तुम्ही एल रेमान्सोला जरूर या, समुद्र खरंच सुंदर आहे, चेमाच्या लॉजवर उतरा. फक्त प्रवाहाला देव म्हणू नका, आणि लेकराची सुई चुकवू नका.